माणसे मोजताना वय आणि वाटही मोजा : कोकणच्या आरोग्यसेवेच्या दीर्घकालीन आराखड्यासाठी खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हा नियोजन समित्यांचे मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य

विषय : रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी आरोग्य आणि शुश्रूषा सेवांचा २०२७ ते २०४२ असा पंधरा वर्षांचा आराखडा तयार करण्याबाबत.

महोदय,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकतीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम केले आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीत असताना शासनाने दिलेल्या नोंदवह्यांखेरीज मी स्वतःची एक वही ठेवत असे. उपकेंद्रापासून प्रत्येक वाडीपर्यंत चालत जायला किती मिनिटे लागतात ते मी तिच्यात लिहून ठेवले आहे, उन्हाळ्यातले वेगळे आणि पावसाळ्यातले वेगळे. कोणत्या व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, जुलैत पाण्याखाली जातो, कोणत्या घाटीतून आजारी माणसाला खुर्चीवर बसवून चौघांनी उतरवावे लागते, कोणत्या घरात आता फक्त म्हातारी माणसे उरली आहेत, हेही तिच्यात आहे. ही वही मला कोणी मागितली नव्हती आणि कोणत्याही अहवालात तिचा रकाना नव्हता. मात्र आमच्या भागातल्या आरोग्यसेवेचे नियोजन कुठे चुकते, हे मला त्या वहीने जितके शिकवले तितके कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवले नाही, म्हणून आज हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे आरोग्य संस्था लोकसंख्येच्या निकषावर उभ्या राहतात. सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तीस हजार किंवा वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, एक लाख वीस हजार किंवा ऐंशी हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय, असा तो हिशेब आहे. माणसे वाढत होती, मुले भरपूर जन्मत होती आणि देवी, मलेरिया, गोवर, बाळंतपणातले मृत्यू हेच मोठे शत्रू होते, त्या काळात या हिशेबाने देशाचे भले केले, हे मी मनापासून मानते. मी स्वतः त्याच हिशेबातून निर्माण झालेल्या पदावर पोट भरले. परंतु ज्या प्रदेशात माणसे कमी होत आहेत आणि जी उरली आहेत ती म्हातारी होत आहेत, तिथे हा निकष गरजेच्या नेमका उलट दिशेने बोट दाखवतो.

आकडे जनगणनेचेच आहेत. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. दोन्ही जिल्हे मिळून दहा वर्षांत लाखाहून थोडी अधिक माणसे कमी झाली, आणि तीही राज्याची एकूण लोकसंख्या वाढत असताना. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ होते, तर राज्याचे ९२९. या आकड्यांचे भाषणांतून कौतुक होते आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. पण घरोघर फिरणाऱ्या आम्हा बायकांना त्याचा दुसरा अर्थ ठाऊक आहे. कमावता पुरुष मुंबई, पुणे, गोवा किंवा आखाती देशांत आहे, त्याच्यामागोमाग सून आणि मुलेही गेली आहेत, आणि घराच्या पडवीत सासू बसलेली आहे. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, गाव आठ-दहा दिवस भरून जातो आणि मग पुन्हा तिच्या एकटीच्या हाती चाव्या देऊन निघून जातो.

माझ्या नोंदवह्यांमध्ये हे सगळे वर्षागणिक उतरत गेले. मी रुजू झाले तेव्हा पात्र, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या, जोडप्यांची नोंदवही जाड होती आणि लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसे. निवृत्त होताना त्या नोंदवहीतली पाने कोरी राहू लागली होती आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या नेणाऱ्यांची यादी दरवर्षी लांबत होती. तपासणीच्या अहवालात मात्र पहिला प्रश्न जुनाच येई : प्रसूती किती, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया किती, लसीकरण किती टक्के? ते प्रश्न चुकीचे नव्हते. त्यांच्या शेजारी नवे प्रश्न कोणी लिहिले नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक उदाहरण देते. बाळ दवाखान्यात जन्मले तर घरी आल्यावर आशा सेविका त्याच्याकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. या सहा भेटी ठरलेल्या आहेत, त्यांत काय पाहायचे ते ठरलेले आहे आणि त्यांचा मोबदलाही ठरलेला आहे. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी आहेत. ही व्यवस्था आकाशातून पडली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेता येते हे दाखवले, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये तो देशाचा कार्यक्रम झाला. महाराष्ट्राच्या एका दूरच्या जिल्ह्यातला विचार देशभर पोचायला बारा वर्षे लागली, आणि त्याचे फळ आज प्रत्येक गावात दिसते.

आता दुसऱ्या टोकाला पाहा. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, खुब्याचे हाड मोडलेल्या, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात घरी पाठवलेल्या माणसाकडे कोणत्या दिवशी, कोणी, काय पाहायला जायचे? कागदावर सेवा आहेत. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, वेदनाशमन आणि उपशामक सेवेचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाचा त्रास हलका करणाऱ्या सेवेचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांमधून (उपकेंद्रांचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे हे नवे नाव) ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या आहेत त्यांत ज्येष्ठांची आणि उपशामक सेवाही मोजली आहे. पण बाळाच्या भेटींसारखी तारखा पाळणारी, हिशेब विचारला जाणारी व्यवस्था म्हाताऱ्या माणसासाठी माझ्या कार्यक्षेत्रात मी कधी पाहिली नाही.

माझ्या सासूबाई मागच्या दारी पाय घसरून पडल्या आणि चौदा महिने अंथरुणावर होत्या. एका मोठ्या रुग्णालयातून त्यांना घरी सोडताना हातात गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढच्या तारखेचा कागद दिला. त्यांना कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, लघवीची नळी किती दिवसांनी बदलायची, वेदना वाढल्या तर कोणाला विचारायचे, यातले काहीही कोणी सांगितले नाही. मी आरोग्य सेविका होते, मला थोडेफार कळत होते, तरीही चौथ्या महिन्यात त्यांच्या माकडहाडावर जखम झाली आणि ती भरायला पुढचे पाच महिने गेले. त्या रात्री मी एकच विचार करीत असे की, ज्या घरात आरोग्य सेविका नाही त्या घरात काय होत असेल. खरे तर मला ते ठाऊक होते, कारण अशा घरांत मी गेले होते आणि माझ्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांपलीकडे त्यांच्या उपयोगाचे काही नव्हते.

केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण केले आणि ते पंचायतींशी जोडले. प्रशिक्षित परिचारिका पंचायतीच्या गाडीतून घरोघर जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते, आणि गावातले स्वयंसेवक तिच्याबरोबर असतात. तिथेही सुरुवात धोरणाने झाली नव्हती. १९९३ मध्ये कोळिकोडमध्ये थोड्या डॉक्टरांनी आणि नागरिकांनी ती केली होती, आणि पंधरा वर्षांनी सरकारने ती आपली मानली. २०११ मध्ये केरळात साठ वर्षांवरील लोक १२.६ टक्के होते आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के. राज्याची सरासरी कमी आहे म्हणून आपल्याला घाई नाही, असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी कोकणातल्या कोणत्याही चार वाड्यांमधून पायी फिरून यावे. तीव्र वेदनांवर मॉर्फिन मिळणे सुकर व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला गेला आहे. तरीही कर्करोगाच्या वेदनांनी तळमळणाऱ्या माणसाला साध्या वेदनाशामक गोळीवर रात्र काढताना मी त्यानंतरही पाहिले आहे. औषध कायद्याने मिळू शकते आणि तालुक्यात मिळत नाही, यामधल्या अंतराला नियोजन म्हणतात, आणि ते करणे आपल्या हाती आहे.

याच संदर्भात एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे ती सांगते. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली मुंबईत आणि पुण्यात ब्युरोमार्फत आजारी माणसांची शुश्रूषा करतात. बारा बारा तास त्या परक्याच्या आईला भरवतात, पुसतात, उठवून बसवतात, आणि त्यांची स्वतःची आई गावी शेजारणीच्या भरवशावर असते. हे कौशल्य आमच्या मुलींकडे आहे. त्याला जिल्ह्यातच प्रमाणपत्र, नियमित वेतन आणि पद मिळाले, तर त्यांतल्या निम्म्या तरी परत येतील असे मला वाटते. आराखड्यात शुश्रूषा हा रोजगाराचाही विषय म्हणून यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता अंतराविषयी. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये संस्था उभारताना लोकसंख्येबरोबरच पोचायला लागणाऱ्या वेळेचाही निकष धरावा असे म्हटलेले आहे, म्हणजे मी काही नवीन मागत नाही. कोकणातले गाव म्हणजे एका चौकाभोवतीची वस्ती नसते. आठ-दहा वाड्या असतात, त्या डोंगराच्या खांद्यावर, व्हाळाच्या पलीकडे, खाडीच्या काठाला विखुरलेल्या असतात, आणि नकाशावर दोन किलोमीटर दिसणारी वाट पावसात पाऊण तासाची होते. माझ्या वहीतल्या एका वाडीसमोर मे महिन्यात बावीस मिनिटे आणि जुलै महिन्यात सत्तर मिनिटे असे लिहिले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ मध्ये राज्यात आली आणि तिने असंख्य जीव वाचवले, परंतु ती डांबरी रस्त्याला येऊन थांबते, आणि घरापासून त्या रस्त्यापर्यंतचा वेळ कोणत्याही हिशेबात धरलेला नसतो. साकव बांधणे हे बांधकामाचे काम मानले जाते. आमच्याकडे ते आरोग्याचेही काम आहे.

अंतराचा दुसरा चेहरा म्हणजे बांबोळी, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिथे आहे ते गाव. सिंधुदुर्गात हा शब्द गावाचे नाव म्हणून कोणी वापरत नाही. ‘बांबोळीला हलवले’ एवढे कानावर आले की ऐकणाऱ्याला काय ते कळते. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा १८४२ पासूनची आहे, आणि दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ या भागांतल्या पिढ्यान् पिढ्यांनी तिथे उपचार घेतले आहेत, कारण कोल्हापूरला जायचे तर घाट चढावा लागतो आणि मुंबई तर एका दिवसाच्या अंतरावर. जानेवारी २०१८ मध्ये गोव्याने राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा आमच्याकडे मोठा गहजब झाला आणि दोडामार्गात आंदोलन झाले. गोव्याला मी दोष देत नाही. आपल्या करदात्यांच्या पैशातून चालणाऱ्या रुग्णालयावर शेजारच्या राज्याचा भार किती घ्यायचा, हे विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. मला दुःख झाले ते एवढ्याचे की, आमच्या एका जिल्ह्याची गंभीर आजारांची सगळी व्यवस्था दुसऱ्या राज्याच्या सौजन्यावर उभी होती आणि त्यासाठी कित्येक दशके लेखी, मुदतीचा, पैशांची तरतूद असलेला करार असण्याची कोणाला गरज वाटली नाही. आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे, पण त्यांचे हृदयरोग, मेंदूशल्य, कर्करोग असे विभाग पूर्ण उभे राहीपर्यंत माणसे बांबोळीलाच जाणार. तोपर्यंतच्या वर्षांसाठी दोन राज्यांचा स्पष्ट करार हा या आराखड्याचा भाग असला पाहिजे.

सीमेपलीकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. गोचिडीतून पसरणारा हा आजार कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलाचे नाव घेऊन आला आणि त्याआधी तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पोचलेला होता. काजूच्या हंगामात रानात जाणारी माणसे त्याला बळी पडली. तिन्ही राज्यांची जंगले एकमेकांना लागून आहेत, काजू गोळा करणारे मजूर एकाच पट्ट्यात फिरतात, आणि माकड मेलेले सापडले ही बातमी मात्र तीन वेगवेगळ्या कार्यालयांत तीन वेगवेगळ्या वाटांनी जाते. त्या साथीत आमच्या सहकारी बायकांनी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा केले आणि अंगाला लावायचे तेल वाटले. मला त्यांचा अभिमान आहे. आंब्याच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी कामगार आणि मच्छीमार बोटींवरचे परप्रांतीय खलाशी यांचीही हीच कथा आहे : ते आमच्या भागात महिनोन् महिने राहतात, तापाने फणफणतात, आणि कोणत्याही निकषाच्या लोकसंख्येत त्यांची गणना नसते.

मनुष्यबळाबद्दल लिहिताना मला सर्वांत जास्त कळकळ वाटते. ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह असते, टेबल असते, दिवे असतात, आणि भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून सिझेरियनची बाई पुढे पाठवली जाते. हा भूलतज्ज्ञ एका आर्थिक वर्षात तयार होत नाही. आज बारावी झालेली मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात गेली तर साडेपाच वर्षांनी ती डॉक्टर होते आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे धरली तर भूलतज्ज्ञ व्हायला तिला साडेआठ-नऊ वर्षे लागतात. म्हणजे २०३६ मध्ये कणकवली, राजापूर, दापोली, लांजा या भागांत कोण भूल देणार आहे, हे आजच ठरवावे लागेल. दरवर्षी मार्चमध्ये संपणारी योजना हे ठरवू शकत नाही. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल दिला तेव्हा तिने अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे दोन कार्यक्रम मांडले होते. स्वातंत्र्यही मिळाले नव्हते, तेव्हा ती माणसे चाळीस वर्षांपुढचे पाहत होती.

डॉक्टर एका जागी टिकला तर काय होते, याचे उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला राहून विंचूदंशाचा अभ्यास केला, प्राझोसिन या औषधाने दंशातले मृत्यू रोखता येतात हे जगाला दाखवले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते ज्ञान रुग्णाच्या खाटेशेजारी रात्रभर बसून मिळालेले होते. एका वर्षाच्या बंधपत्रित सेवेवर येणारी आजची तरुण मुले हुशार आहेत, त्यांतली अनेक मनापासून काम करतात, पण वाड्यांची नावे पाठ होईपर्यंत त्यांचे वर्ष संपते. काही केंद्रांत तर पद भरलेले दिसते आणि डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे असतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी दरवर्षी नव्या आदेशाची वाट पाहतात. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याच्याकडून पाच वर्षे एखाद्या मधुमेही माणसाचे पाय तपासत राहण्याची अपेक्षा कशी करायची? स्थानिक मुलामुलींना वैद्यकीय, परिचर्या आणि भौतिकोपचार शिक्षणासाठी जिल्ह्याने आधीच निवडावे, शिष्यवृत्ती द्यावी, आणि शिक्षण संपल्यावर निश्चित पद, राहण्याजोगे निवासस्थान आणि बढतीची वाट द्यावी. निवासस्थान हा शब्द मी जाणीवपूर्वक लिहिला आहे. गळणाऱ्या क्वार्टरमध्ये तान्ह्या मुलाला घेऊन राहणे काय असते ते मी भोगले आहे.

कारभाराची रचनाही एकत्र बसून पाहावी लागेल. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, आणि वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. रुग्ण एकच असतो आणि त्याला या तिन्ही घरांचे उंबरे ओलांडावे लागतात. प्रत्येक ठिकाणी त्याचा नवा कागद निघतो, आणि तो घरी परत येतो तेव्हा त्याच्या गावच्या आरोग्य सेविकेला त्याच्यावर काय उपचार झाले हे बहुधा शेजाऱ्यांकडून कळते. म्हणूनच हे पत्र मी आपणा सर्वांना एकत्र उद्देशून लिहिले आहे. जिल्हा पातळीवर या तिन्ही विभागांची एकच नियोजन बैठक, एकच उद्दिष्टपत्र आणि रुग्ण घरी सोडताना गावच्या केंद्राला लेखी निरोप देण्याची सक्ती, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. मानसिक आजारांचाही यात स्वतंत्र विचार हवा. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, आणि तरीही एकाकी म्हाताऱ्या माणसाचे नैराश्य किंवा विसरभोळेपण हा आजार आहे, हे गावपातळीवर ओळखण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

पैशाविषयी थोडक्यात लिहिते. २०१७ च्या धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकातला आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्यावर खर्च करावा आणि एकूण खर्चाचा दोन तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेकडे जावा असे म्हटले आहे. आपले राज्य त्यापासून अजून बरेच दूर आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून इमारती आणि यंत्रे मिळतात, कारण ती एका वर्षात उभी करून दाखवता येतात, परंतु यंत्राची देखभाल, तंत्रज्ञाचे वेतन आणि परिचारिकेच्या गाडीचे इंधन यांची तरतूद पुढच्या वर्षी कोण करणार, हे त्या योजनेत लिहिलेले नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार झाला आणि ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, याबद्दल मी शासनाची ऋणी आहे. मात्र विमा रुग्णालयाच्या दारात सुरू होतो, आणि आमच्या माणसांचा पुष्कळसा आजार त्या दाराबाहेर, घरात, वर्षानुवर्षे चाललेला असतो.

नवीन इमारत बांधताना जागा पाहावी, एवढेच त्याबाबत सांगते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये दवाखाने आणि औषधांची दुकाने पाण्यात गेली होती, आणि त्याच दिवसांत घाट खचून रस्ते बंद झाले होते. ज्या दिवशी रुग्णालयाची सर्वांत जास्त गरज पडते त्या दिवशी ते कोरडे आणि पोचता येण्याजोगे असावे.

काही जण विचारतील की, जिथली माणसे कमी होत आहेत तिथे इतका खर्च कशासाठी. माझे उत्तर असे की, आज कोकणात जे आहे ते उद्या राज्याच्या इतर भागांत येणार आहे. देशात २०२२ मध्ये साठ वर्षांवरील लोक साधारण साडेदहा टक्के होते आणि २०५० पर्यंत ते वीस टक्क्यांच्या पुढे जातील असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. आमचे जिल्हे त्या वाटेवर पुढे चालत आहेत. इथे जे जमेल ते उद्या सातारा, सांगली, जळगाव, अमरावतीलाही उपयोगी पडेल. आणि दुसरे असे की, या म्हाताऱ्या माणसांनी आपली तरुण मुले मुंबईच्या गिरण्यांना, गोदीला, कार्यालयांना दिली. राज्याच्या राजधानीच्या उभारणीत त्यांचा वाटा आहे, आणि त्यांच्या शेवटच्या वर्षांची व्यवस्था हा त्यांचा हक्क आहे.

२०२७ ची जनगणना समोर आहे. तिचे आकडे आल्यावर ते केवळ एकूण डोक्यांचे म्हणून वाचू नयेत, तर गावनिहाय वयोगट, एकटे राहणारे वृद्ध आणि उपचारापर्यंत पोचायला लागणारा वेळ यांच्याशी जोडून वाचावेत, आणि त्यावर २०४२ पर्यंतचा आराखडा जिल्हा नियोजन समित्यांनी मंजूर करावा. राज्यघटनेने या समित्यांना विकास आराखडा करण्याचे काम दिलेलेच आहे. आराखड्याचा मसुदा मराठीत, सोप्या भाषेत, प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावा. दर वर्षी काय झाले आणि काय राहिले हे त्याच ग्रामसभेत वाचून दाखवावे, आणि सरकार बदलले, पालकमंत्री बदलले तरी आराखडा बदलायचा झाल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत. आशा सेविका, आरोग्य सेविका आणि घरी आजारी माणसाची सेवा करणाऱ्या बायका यांना मसुदा करणाऱ्या गटात प्रत्यक्ष जागा असावी. आम्हाला आकडेमोड शिकवावी लागेल, ती आम्ही शिकू.

माझी वही दोनशे पानी आहे आणि तिच्यात माझ्या कार्यक्षेत्रातल्या चौदा वाड्यांची नोंद आहे. काही साकव आता पक्के झाले असतील, काही घरे बंद झाली असतील, त्यामुळे ती पुन्हा चालून तपासावी लागेल. आपल्या कार्यालयातून कोणी येणार असेल तर जूनच्या आधी एकदा आणि जुलैच्या भर पावसात एकदा, असे दोनदा यावे. गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत, तरी वाट दाखवायला मी बरोबर येईन, आणि वहीची प्रत तयार करून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
जिल्हा सिंधुदुर्ग